जेसीबी येण्याआधी: पाणी आणि भुयारी गटार योजनेवर शहरानं नजर कशी ठेवायची

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घागर पुजतात. लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडांना झोके बांधलेले असतात, आणि पितरांच्या नावानं भरलेल्या मातीच्या घागरीवर डांगर (खरबूज) ठेवून नैवेद्य दाखवतात. ऊन तर असं, की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. त्या वर्षी आखाजीच्या पहाटेपासून आमच्या गल्लीत एकच प्रश्न या दारातून त्या दारात जात होता, ‘पानी उनं का?’ (पाणी आलं का?) नळाचा दिवस आदला होता आणि तो चुकला होता. दुपारी तीनच्या सुमाराला नळ आला तो गढूळ, आणि पाण्याला गटाराचा वास. शेजारच्या आक्कांनी भरलेली घागर मोरीत ओतली, दुकानातून जार मागवला आणि त्या पाण्यानं पूजा केली. ओतताना त्या काही बोलल्या नाहीत. मला तेच जास्त लागलं.

त्याच गल्लीत सहा महिन्यांपूर्वी नवी जलवाहिनी टाकली होती. खान्देशची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत पाइप ठेवायचा तर खाली वाळूचा किंवा बारीक मुरमाचा थर हवा. नाहीतर माती हलली की पाइप हलतो आणि सांधा उघडतो. आमच्याकडे ढेकळांवरच पाइप ठेवला, वरून तीच ढेकळं लोटली आणि अंधार पडायच्या आत जेसीबी निघून गेला. मी दारात उभा राहून सगळं बघत होतो. नवी लाइन आली म्हणून बरंच वाटत होतं. काय विचारायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

नंतर नगरपालिकेत खेटे घालून, कागद वाचून आणि माहीतगार माणसांना विचारून जे कळलं ते इथे मांडतो. पहिली गोष्ट ही कळली की गल्लीत जेसीबी येतो तोवर योजनेतले बहुतेक निर्णय कधीच होऊन गेलेले असतात. पाणी कुठून आणायचं, किती माणसांसाठी, टाकी कुठल्या चौकात, गटार आधी की रस्ता आधी, हे सगळं कागदावर ठरतं. तो कागद शहरातली पाच-पंचवीस माणसंच बघतात. खड्ड्याजवळ उभं राहून आपण फार तर पाइपाचा रंग विचारू शकतो. नजर ठेवायची तर ती कागदापासून ठेवावी लागते.

आधी ते घाण पाणी नळात आलं कसं, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून उलगडतं. आपल्या शहरांत नळ चोवीस तास चालत नाही. पाणी सोडतात, तास-दोन तासांनी व्हॉल्व्ह बंद करतात, पाइपातलं उरलेलं पाणी उताराकडे निघून जातं आणि मागे पाइपात ओढ तयार होते. कोणी नळाला मोटार लावली असेल तर ओढ आणखी वाढते. अशा वेळी सांधा गळका असेल, तर ज्या फटीतून परवा पाणी बाहेर झिरपत होतं त्याच फटीतून भोवतालचं सांडपाणी आत येतं. पुढच्या खेपेला नळ सुटला की पहिल्यांदा तेच घरात शिरतं. म्हणून नळ जितक्या जास्त दिवसांआड, तितका धोका जास्त. शुद्धीकरण केंद्रात पाणी कितीही स्वच्छ केलं तरी शेवटच्या फर्लांगभरात ते बिघडू शकतं. कावीळ आणि जुलाबाच्या साथी पुष्कळदा इथूनच सुरू होतात.

हे ओळखायची साधी चाचणी आहे. आरोग्य विभागाची माणसं तिला ‘ओटी टेस्ट’ म्हणतात. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. घरच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर इतकं क्लोरीन उरलेलं असावं, असं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं. टाकीजवळ पिवळा रंग येतो आणि गल्लीच्या टोकाला येत नाही, याचा अर्थ वाटेत काहीतरी क्लोरीन खातंय. बहुतेक वेळा ते सांडपाणीच असतं.

कागद कोण करतं

शहराच्या योजनेच्या मुळाशी एक जाडजूड दस्तऐवज असतो: सविस्तर प्रकल्प अहवाल. सगळे त्याला डीपीआर म्हणतात, मीही तेच म्हणतो. डीपीआर बहुधा नगरपालिकेनं नेमलेली सल्लागार संस्था तयार करते. तो सर्वसाधारण सभेपुढे ठराव म्हणून येतो. मग तांत्रिक मान्यतेसाठी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणासारख्या यंत्रणेकडे जातो, राज्यस्तरावर प्रशासकीय मान्यता मिळते आणि केंद्राची अमृत किंवा राज्याची नगरोत्थान यांसारख्या योजनेतून पैसा येतो. केंद्राची अमृत योजना २०१५ मध्ये सुरू झाली. जळगाव, धुळे, भुसावळ आणि नंदुरबार तिच्यात होती, कारण ती एक लाखावरच्या शहरांसाठी होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या अमृत २.० मध्ये लहान नगरपालिकाही आल्या. या दुसऱ्या टप्प्यात एक लाखाच्या आतल्या शहराला केंद्राकडून खर्चाचा निम्मा वाटा ठरला आणि एक ते दहा लाख वस्तीच्या शहराला एक तृतीयांश. बाकीचा पैसा राज्याचा आणि शहराचा. योजना एकदा उभी राहिली की चालवायचा खर्च मात्र पूर्ण शहराच्या गळ्यात. ही गोष्ट ठरावाच्या दिवशी कोणी उच्चारत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

डीपीआरमधले आकडे बघून माणूस दबतो. दबायचं कारण नाही, त्यातला मुख्य हिशेब चौथीच्या गणिताचा आहे. भुयारी गटार असलेल्या किंवा होऊ घातलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. गटार नसेल तर ७० लिटर. जळगावची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार होती. तिला १३५ नं गुणा, सुमारे ६ कोटी २० लाख लिटर होतात. एक दशलक्ष लिटर प्रतिदिन म्हणजे एक एमएलडी, म्हणजे हे झालं ६२ एमएलडी. वाटेत १५ टक्के गळती धरली तर जिथून पाणी येतं त्या उद्भवाकडून ७३ एमएलडी उचलावं लागेल. आता घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे रोज सुमारे ५० एमएलडी. तुमच्या गावाचा आकडा घालून असाच हिशेब मांडा आणि डीपीआरमधल्या आकड्याशी ताडून बघा. जिथे मोठी तफावत दिसेल तिथे पहिला प्रश्न विचारायचा.

हाच हिशेब घराच्या पातळीवर करून बघा. पाच माणसांच्या घराला रोज ६७५ लिटर. नळ चार दिवसांनी आला तर एका खेपेला २,७०० लिटर साठवावं लागतं, म्हणजे दोनशे लिटरचे साडेतेरा ड्रम. नळ आठ दिवसांनी आला तर सत्तावीस ड्रम. धुळ्यात लोकांनी असे दिवस वर्षानुवर्षं काढले आहेत. ज्याच्या गच्चीवर टाकी आहे त्याला त्याच नळातून पुरेसं पाणी मिळतं आणि ज्याच्या दारात दोन ड्रम मावतात त्याला मिळत नाही. दोघांच्याही नावानं कागदावर १३५ लिटरच लिहिलेलं असतं. म्हणून ‘माणशी किती लिटर’ या प्रश्नाला जोडूनच ‘किती दिवसांनी, किती वेळ आणि किती दाबानं’ हेही विचारायचं.

मग उद्भव, म्हणजे पाणी येतं कुठून. जळगाव वाघूर धरणावर आहे, नंदुरबार विरचक प्रकल्पावर, भुसावळ तापीवर, धुळे तापी योजना, नकाणे आणि डेडरगाव तलाव आणि पांझरेवरचं अक्कलपाडा अशा अनेक ठिकाणांवर. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यात आहे, पण त्यातून पिण्यासाठी सोडलेल्या आवर्तनाकडे जळगाव जिल्ह्यातली कितीतरी गावं डोळे लावून असतात. ते आवर्तन कोरड्या पात्रातून वाहत येतं आणि वाळू त्यातलं किती पिऊन टाकते ते नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. हतनूर धरणात तापीनं आणलेला गाळ ही जुनीच दुखरी जागा आहे. म्हणून धरणाच्या मूळ क्षमतेचा आकडा बघून खूष व्हायचं नाही. आज प्रत्यक्ष किती साठतं, दुष्काळी वर्षात मे महिन्याच्या शेवटी किती उरतं, आणि आपल्या शहरासाठी किती आरक्षण मंजूर आहे, हे तीन आकडे मागायचे. पावसाळा संपला की धरणातल्या साठ्यावरून पिण्याच्या पाण्याचं आरक्षण जिल्हा पातळीवर ठरतं. शहराची मागणी त्या बैठकीत कोण मांडतं आणि किती मांडतं, हे विचारणारा नागरिक मला अजून विरळाच भेटला आहे.

डीपीआरमध्ये एक नकाशा असतो, तो मात्र सगळ्यांनी पाहावा. शहराचे झोन पाडलेले असतात आणि प्रत्येक झोनला एक उंच जलकुंभ. कुठली गल्ली कुठल्या टाकीवर, टाकी किती लाख लिटरची, सगळ्यात उंचावरची वस्ती कोणती, सगळ्यात शेवटचं घर कुठलं, हे त्या एका कागदावर दिसतं. शहराच्या कडेला शेतं बिनशेती होऊन गेल्या पंधरा वर्षांत ज्या कॉलन्या उठल्या, त्या नकाशात आहेत का तेही बघा. वाहिन्यांचं जाळं साधारण तीस वर्षं पुढची लोकसंख्या धरून आखतात. ते वाढतं गाव कोणत्या दिशेला धरलंय, हे गावातल्या माणसाला सल्लागारापेक्षा जास्त कळतं. नजर ठेवणं म्हणजे फक्त चोरी पकडणं असं आपल्याला वाटतं. पण ‘साहेब, ही वस्ती चढावर आहे, इथे या टाकीचं पाणी चढणार नाही’ असं वेळेवर सांगणं हीदेखील नजरच आहे.

गटाराची गोष्ट

पाण्याच्या योजनेत लोक रस घेतात, गटाराच्या योजनेत घेत नाहीत. त्यामुळे सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. शहरात पाणी वाढलं की सांडपाणीही वाढणारच, तरी दोन योजनांच्या फायली वेगळ्या, ठेकेदार वेगळे आणि वर्षंही वेगळी. परिणाम आपण डोळ्यांनी बघतो. पाण्याची लाइन टाकायला रस्ता फोडला, वर काँक्रीट केलं, दोन वर्षांनी भुयारी गटारासाठी तोच रस्ता पुन्हा फोडला आणि त्या फोडाफोडीत नवी जलवाहिनी चेचली गेली.

या दोन वाहिन्यांचं नातं सांभाळायला नियम आहेत. शक्य तिथे पाण्याचा पाइप आणि गटाराचा पाइप यांच्यात तीन मीटर आडवं अंतर ठेवायचं. अरुंद गल्लीत तेवढं जमत नसेल तर पाण्याचा पाइप वर आणि गटार त्याच्या किमान अर्धा मीटर खाली ठेवायचं. मोजपट्टी घेऊन कोणीही बघू शकेल अशी ही गोष्ट आहे. आमच्या गल्लीत जलवाहिनी उघड्या गटाराच्या भिंतीला अक्षरशः चिकटून टाकली होती, हे नंतर खणल्यावर दिसलं.

गटाराचा पाइप पाण्याच्या पाइपासारखा भरून आणि दाबानं वाहत नाही. तो उतारावर वाहतो. उतार कमी पडला तर मैला तळाशी बसतो, म्हणून प्रवाहाचा वेग सेकंदाला किमान ०.६ मीटर राहील असा उतार आखतात. एका चेंबरपासून पुढच्या चेंबरपर्यंत उतार चुकला की तिथे कायमचा तुंबा. आणि तुंबा झाला की कोणीतरी आत उतरायला सांगतो. इथे मला थांबून बोलावंसं वाटतं. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्यानं बंद केलेलं आहे. गटार साफ करताना मृत्यू झाला तर कुटुंबाला तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. तरी माणसं उतरतात आणि मरतात. डीपीआरमध्ये जेटिंग मशीन, सक्शन गाडी, त्यांचे चालक आणि डिझेल यांची तरतूद नसेल तर माणूस उतरवायचा निर्णय त्या दिवशी कागदावरच झाला, असं मी समजतो. गटाराच्या फायलीतला पहिला प्रश्न माझ्या मते हाच: हे साफ कशानं करणार?

दुसरा प्रश्न घरजोडणीचा. रस्त्याखालून मोठी वाहिनी गेली, टोकाला मलप्रक्रिया केंद्र उभं राहिलं, उद्घाटन झालं, पण घरातला संडास आणि मोरी त्या वाहिनीला जोडलीच नाही. मग केंद्रात सांडपाणी पोचत नाही. ते कोरडं राहतं नाहीतर निम्म्याहून कमी क्षमतेनं चालतं. घरजोडणीचा खर्च योजनेत धरलाय की घरमालकावर टाकलाय, हे आधीच विचारून ठेवा. गरीब वस्तीत हाच खर्च आडवा येतो.

तिसरा प्रश्न सेप्टिक टँकचा. खान्देशातल्या लहान शहरांत अजून बहुतेक घरांना सेप्टिक टँकच आहेत आणि पुढची कित्येक वर्षं राहणार. टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसायला हवा. तसा कोणी उपसत नाही. भरला की वरचं काळं पाणी उघड्या गटारात, तिथून नाल्यात आणि नाल्यातून नदीत. उपसणारी गाडी तो मैलागाळ कुठे रिकामा करते, हे आपल्या गावात कोणाला विचारून बघा. उत्तर बहुधा हात हलवून मिळेल: ‘तिकडे, गावाबाहेर.’ त्या ‘तिकडे’ला कोणाची तरी विहीर असते.

नदीचा नकाशा समोर ठेवला की गटार कोणाचं आणि पाणी कोणाचं हा फरकच उरत नाही. धुळ्याचं सांडपाणी पांझरेतून मुडावदला तापीला मिळतं. भुसावळ-जळगावकडचं तापी आणि गिरणेतून पुढे येतं. तीच तापी पुढे सारंगखेडा, प्रकाशा करत गुजरातेत जाते. प्रकाशाला लोक श्रद्धेनं तिच्यात बुडी मारतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातले नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे काढले, त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रातले, आणि त्या यादीत तापी, गिरणा, पांझरा या आपल्या नद्या होत्या. एका शहराच्या मलप्रक्रिया केंद्राचं वीजबिल थकलं तर त्याची किंमत खालच्या शहराच्या शुद्धीकरण केंद्रात मोजावी लागते.

विचारायचं कुठे

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं, जी जून १९९३ पासून अमलात आली, पाणीपुरवठा आणि सार्वजनिक स्वच्छता हे विषय शहरांच्या यादीत घातले. कायद्यानं नगरपालिकेत पाणीपुरवठा व जलनिस्सारण ही स्वतंत्र विषय समिती असते. तिचा सभापती कोण, ती वर्षात किती वेळा बसली, बैठकीचं इतिवृत्त कुठे आहे, या तीन प्रश्नांनी पुष्कळ कळतं. तीन लाखांवरच्या शहरात, म्हणजे आपल्याकडे जळगाव आणि धुळ्यात, प्रभाग समित्या असाव्यात असं घटनाच सांगते. महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे त्यांच्यावर नगरसेवकांशिवाय सामाजिक संस्थांतले तीनपर्यंत सदस्य नेमता येतात. सर्वसाधारण सभा एरवी नागरिकांना खुली असते. बसायला जा. पहिल्या दिवशी काही कळत नाही, तिसऱ्या खेपेला कळायला लागतं.

पण सभागृहच नसेल तर? जळगाव आणि धुळे महापालिकांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळ दोन्हीकडे प्रशासक होते. कितीतरी नगरपालिकांत त्याच्याही आधीपासून. प्रशासक चांगला असू शकतो, मेहनती असू शकतो. तरी जो ठराव मांडतो तोच मंजूर करतो, तेव्हा मधला प्रश्न विचारणारा माणूस गायब झालेला असतो. राज्यभर अमृत २.० च्या योजना नेमक्या याच काळात मंजूर होत होत्या. आता लोकप्रतिनिधी असतील तिथे त्यांच्याकडे पहिली मागणी ही करावी, की प्रशासकाच्या काळातला पाणी आणि गटाराचा प्रत्येक मोठा ठराव सभेपुढे माहितीसाठी ठेवा.

एक विसंगती मला फार बोचते. खेड्यात जलजीवन मिशनमध्ये ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिच्यात निम्म्या महिला असाव्यात अशी अट आहे, आणि प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवतात. शहरात आलं की अशी समिती दिसत नाही. नळावर पहाटे चारला उठून बसणाऱ्या बाईला शहराच्या पाणी योजनेत कुठेही खुर्ची नाही. अमळनेर किंवा शिरपूरसारख्या शहरात प्रभागनिहाय अशी पाच-सात जणींची पाणी समिती नेमायला कायदा आडवा येत नाही. साधा ठराव करून नेमता येते. किट महाग नसतं.

सभा नाही, समिती नाही, तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून ‘योजनेची सर्व माहिती द्या’ असं लिहू नका. एकेक कागद मागा: डीपीआर, झोनचा नकाशा, ठेकेदाराला दिलेला कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, त्रयस्थ तांत्रिक तपासणीचा अहवाल, जलदाब चाचणीची नोंद. या कायद्यातली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येतच कामाची प्रत्यक्ष पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं येतं. म्हणजे खड्ड्यात ठेवलेल्या पाइपाचा तुकडा आणि खालच्या वाळूचा नमुना तुम्ही रीतसर मागू शकता. आम्ही नंतर तसा मागितला.

मोजमाप पुस्तिकेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पैसा तिच्यावरून सुटतो. कनिष्ठ अभियंता काम मोजून त्यात लिहितो: अमुक गल्ली, इतकी लांबी, इतकी खोली, खाली इतक्या घनमीटर वाळूचा थर, इतके सांधे. आमच्या गल्लीचं पान मिळालं तेव्हा त्यात वाळूचा थर लिहिलेला होता. ती वाळू मी दारात उभा राहून पाहिलेली नव्हती. पान हातात धरून मी किती वेळ बसलो होतो, ते आठवत नाही.

लेखापरीक्षण अहवालही वाचायला हवेत. नगरपालिकांचे हिशेब स्थानिक निधी लेखापरीक्षा तपासते, महापालिकेत स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक असतो. त्यात आक्षेपांची यादी असते आणि जुने आक्षेप वर्षानुवर्षं ‘अनुपालन प्रलंबित’ म्हणून पुढे सरकत असतात. शिवाय केंद्रानं २००८ पासून पाणीपुरवठ्याचे नऊ निकष ठरवून दिले आहेत: किती घरांना नळ, माणशी किती लिटर, किती तास, हिशेबाबाहेरचं (गळतीत, चोरीत गेलेलं) पाणी किती, मीटर किती, पाण्याची गुणवत्ता, तक्रारींचा निपटारा, खर्चाची वसुली, बिलाची वसुली. हिशेबाबाहेरचं पाणी २० टक्क्यांच्या आत असावं असं ते निकष म्हणतात. आपल्या शहरानं स्वतःबद्दल काय आकडे कळवलेत ते बघा. ज्या शहरात एकाही घराला मीटर नाही त्या शहरानं गळतीचा नेमका आकडा लिहिला असेल, तर तो आला कुठून ते विचारा.

पैशाचा प्रश्न आपल्यालाही टोचणारा आहे. पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी नळजोडणीमागे ठोक आहे. पंपांचं वीजबिल, तुरटी, क्लोरीन, दुरुस्ती यांना ती पुरत नाही. भुयारी गटार आलं की त्याचा चालवायचा खर्च वर चढतो. योजना मंजूर होतानाच पुढच्या दहा वर्षांची पट्टी किती धरलीय, हे सभेत जाहीर सांगायला लावावं. मग वाढीव पट्टी द्यायची की नाही यावर भांडता येईल, निदान माहिती असून भांडता येईल.

लोकांनी पाण्यावर नजर ठेवायची रीत खान्देशाला नवी नाही. पांझरेवर शेकडो वर्षं फड पद्धत चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड, म्हणजे पट्टे. पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागल्या, आणि त्यांच्यावर शेतकऱ्यांचे पंच. पाणी कमी असेल त्या साली कोणत्या फडाला द्यायचं आणि कोणता पडीक ठेवायचा, हे सगळ्यांच्या बैठकीत ठरे. पाटाची साफसफाई सगळे मिळून करत. त्या व्यवस्थेत दोषही होते, ज्याला जमीन नाही त्याला तिथे आवाज नव्हता. पण पाट कुठून जातो आणि पाटकऱ्याला जाब कोण विचारतो, हे फडातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असायचं.

आमच्या गल्लीत पाइप उकरून पुन्हा टाकायचं ठरलं तेव्हा आक्का, त्यांची सून आणि आणखी चार जणी खड्ड्याच्या कडेला उभ्या होत्या. वाळू आली. ती घमेल्यांनी पसरली. पाइप ठेवल्यावर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, ‘जिभाऊ, माती लोटतो.’ आक्का म्हणाल्या, ‘आधी दाब दाखव.’ हा शब्द त्यांनी आठवडाभर आमच्याकडून ऐकून पाठ केला होता. पाइपाची दोन्ही तोंडं बंद केली, पाणी भरलं, हातपंपानं दाब चढवला आणि घड्याळासारख्या गेजवर काटा उभा राहिला. ठरलेला वेळ तो तिथेच राहायला हवा होता. दहा मिनिटांत काटा खाली सरकू लागला. सगळे गप्प होते. एका मुलानं खड्ड्यात वाकून पाहिलं तर तिसऱ्या सांध्याखालची वाळू ओली होत होती. तो सांधा सोडून पुन्हा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दाब दिला तेव्हा काटा हलला नाही. कनिष्ठ अभियंत्यानं वहीत वेळ आणि आकडा लिहिला, आणि आक्कांनी त्याला खाली तारीखही टाकायला लावली.